घरच्यांची झोप आणि पेटीतले मासे

हौसेला मोल नसते म्हणतात; पण काळाचौकीच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तिला आवाज असतो! माशांची हौस मूळ वडिलांची. १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात जडलेली. पण आमच्या पेटीचा हवेचा पंप रात्रभर घुरघुरे अन् खाली अंथरुणावर तेच कूस बदलीत. एका रात्री मी पंप बंद केला. सकाळी दाटीतले दोन गोल्डफिश तरंगत होते!

फिल्टर नुसता कचरा काढीत नाही. त्याच्या स्पंजातले सूक्ष्म जंतू माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवतात. पाणी थांबले की प्राणवायूवाचून मासेही गुदमरतात अन् जंतूही.

मग उपाय? गप्पी, फायटर यांच्या लहान पेटीला संथ स्पंज फिल्टर पुरतो. पंप जाड फोमवर, भिंतीला न टेकवता, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. म्हणजे वीज गेल्यास पाणी उलटे पंपात शिरत नाही. काठाला टांगायचा फिल्टर असेल, तर पाणी काठापर्यंत भरा. धबधब्याचा आवाज थांबतो. अन् स्पंज नळाखाली धुवू नका, क्लोरिनने जंतू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

आता आमच्याकडे फक्त वडील घोरतात. माशांची त्याबद्दल तक्रार नाही!