सत्त्वावजय आणि मनाचे अनुमान

रुग्णाची नाडी हाताला लागते, जिव्हा डोळ्यांना दिसते. मन मात्र प्रत्यक्षाचा विषय होत नाही. म्हणूनच चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथ्या अध्यायात मनोभाव अनुमानाने जाणावयास सांगितले आहेत. द्रोहयुक्त वर्तनावरून क्रोध, दैन्यावरून शोक आणि विषादावरून भय ओळखावे, असा तेथील उपदेश आहे. मात्र अनुमान चुकू शकते. ते पडताळूनच स्वीकारावे लागते.

लंडन येथील पीटर फोनागी व अँथनी बेटमन यांनी विकसित केलेली ‘मेंटलायझेशन’वर आधारित चिकित्सा याच जाणिवेवर उभी आहे. प्रामुख्याने ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकारासाठी योजिलेल्या या चिकित्सेच्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. माझ्या मनात काय चालले आहे आणि समोरच्याच्या मनात काय असू शकेल, याचा शोध घेण्यास रुग्ण येथे शिकतो. भावना अतितीव्र झाली की ही क्षमता क्षीण होते. म्हणून प्रथम क्षोभ शमवावा, नंतर विचारपूस करावी.

पावणे येथील औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या एखाद्या कामगाराचे उदाहरण घेऊ. निद्रानाशाची तक्रार सांगताना तो म्हणतो, “साहेब माझ्याशी बोलत नाहीत; त्यांना मला काढायचेच आहे.” यातील अबोला ही घटना, तर ‘काढायचे आहे’ हे अनुमान. “हा तुमचा गैरसमज आहे,” असे म्हणणे म्हणजे आपलेही अनुमान लादणे होय. “ते बोलले नाहीत तेव्हा तुम्हाला काय वाटले? आणखी काही कारण असेल का?” असे विचारल्यास क्रोधाआडचे भय त्याचे त्यालाच दिसू लागते. नोकरी खरोखरच धोक्यात असेल, तर ते वास्तवही मान्य करावे. ज्ञान, धैर्य व स्मृती यांच्या साहाय्याने मन अहितकर विषयांपासून आवरणे, या सत्त्वावजयाच्या कार्यास येथूनच आरंभ होतो.

हा नियम आम्हा वैद्यांनाही लागू आहे. वारंवार येणारा रुग्ण ‘नाटकी’ वाटला, तर तो निष्कर्ष लक्षणांतून आला की आपल्या थकव्यातून, हे तपासावे. औषधी दुकानदारांनीही झोपेचे औषध पुनःपुन्हा मागणाऱ्या ग्राहकास “किती दिवसांपासून झोप नाही?” एवढे विचारून वैद्याकडे पाठवावे.

आत्महत्येचे विचार, भास किंवा भ्रम आढळल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे त्वरित पाठविणे हे कर्तव्य होय. चालू असलेली मानसरोगाची औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावा, अशी वैद्यबंधूंना व भगिनींना आमची विनंती आहे.