ज्युनिअरचे सर, एफवायचा वर्ग

श्रेयांकांचा हिशेब : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण श्रेयांकांच्या बँकेत विद्यार्थ्याचं खातं कसं उघडतं ते पाहिलं. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शाळा आणि कॉलेज एकाच शिडीवर आहेत. अकरावी साडेतीन, बारावी चार, पदवीचं पहिलं वर्ष साडेचार. बारावी आणि एफवाय यांच्यात अंतर अर्ध्या पायरीचं. मग ही अर्धी पायरी मुलाने शाळेत असतानाच चढावी आणि ती त्याला शाळेतल्याच शिक्षकांनी चढवावी, असं होऊ शकतं का?

अमेरिकेत होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाने १९७२ च्या सुमारास आसपासच्या हायस्कुलांशी असाच करार केला. बारावीच्या वर्षात हुशार मुलं कंटाळून जातात, ही शाळांची तक्रार होती. विद्यापीठाने आपला प्राध्यापक शाळेत धाडला नाही. शाळेतलाच शिक्षक निवडला, उन्हाळ्यात त्याला विषयाचं प्रशिक्षण दिलं आणि विद्यापीठाचा निदेशक म्हणून मान्यता दिली. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, मूल्यमापनाची पातळी विद्यापीठाची, वर्ग मात्र शाळेचा. मधूनमधून विभागातले प्राध्यापक येऊन वर्गात मागच्या बाकावर बसतात. आज तिकडच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं अशा वर्गांतून कॉलेजचे श्रेयांक खिशात घालूनच पदवीला जातात.

तिकडेही सगळं आलबेल नाही. २०१५ मध्ये तिथल्या मध्य भागातल्या मान्यता मंडळाने स्पष्ट केलं की असा वर्ग घेणाऱ्याकडे त्या विषयाची पदव्युत्तर पदवी हवी, किंवा दुसरी कुठली तरी पदव्युत्तर पदवी आणि त्या विषयाचे किमान १८ पदव्युत्तर श्रेयांक हवेत. गडबड उडाली. अनेक शिक्षकांची पदव्युत्तर पदवी शिक्षणशास्त्रातली होती, गणितातली किंवा इंग्रजीतली नव्हती. मुदत पुढे पुढे ढकलावी लागली.

आता छत्रपती संभाजीनगरात या. इथे गंमत उलटी आहे. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाला विषयाची एमए किंवा एमएस्सी लागते आणि वर बीएड. म्हणजे अमेरिकन मंडळ ज्या विषयज्ञानासाठी अडून बसलं, ते आपल्या अकरावी-बारावीच्या सरांकडे नोकरी लागतानाच असतं. देवगिरी, सरस्वती भुवन, मिलिंद, मौलाना आझाद अशा जुन्या संस्थांमध्ये ज्युनिअर आणि सिनिअर ही भावंडंच आहेत. तरी बारावीचा तास संपवून सरांना एफवायच्या वर्गात शिरता येत नाही, कारण तिथे ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा नियमात बसणारी पीएचडी मागतात. तिकडच्या प्राध्यापकालाही इकडे येता येत नाही, त्याच्याकडे बीएड नसतं! ज्युनिअरचे कागद शिक्षण उपसंचालकांकडे जातात, सिनिअरचे उच्च शिक्षण सहसंचालकांकडे. पगारपत्रक वेगळं, मस्टर वेगळं, बऱ्याच ठिकाणी स्टाफरूमही वेगळी.

ही भिंत पूर्वीपासून इतकी उंच नव्हती. १९२३ मध्ये इथे उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेलं इंटरमिजिएट कॉलेज निघालं. शाळातपासनीस राहिलेले मौलवी अब्दुल हक पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. नांदेडला नरहर कुरुंदकर प्रतिभा निकेतन हायस्कुलात शिकवत होते. तिथून ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि शेवटी प्राचार्य. नेट परीक्षा १९८९ पासूनची, त्यामुळे ती त्यांच्या वाटेत आली नाही. कुरुंदकरांचा दाखला देऊन नेट रद्द करा म्हणणं हा पोरकटपणा होईल, कारण कुरुंदकर काही घाऊक भावात मिळत नाहीत. पण शाळेच्या फळ्यापासून सुरुवात झाली म्हणून कॉलेजात माणूस कमी पडतो, हे मात्र त्यांच्याकडे पाहून कुणी म्हणू नये.

पुढे १०+२+३ हा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्यानंतर कॉलेजातला पदवीपूर्व भाग अकरावी-बारावी होऊन खाली उतरला. कितीतरी हायस्कुलांनी हे वर्ग सुरू केले आणि एमए झालेले शाळेतले सर गावात ‘प्राध्यापक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आकृतिबंध बदलला तेव्हा शिक्षकही एक पायरी वर सरकला होता, एवढं इथे नोंदवून ठेवू.

आजची संधी तुलनेने लहान आहे आणि म्हणूनच जमण्यासारखी आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या धोरणाचं पहिलं वर्ष सुरू झालं. मुख्य विषयाच्या भोवती भाषाकौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य, खेळ किंवा एनएसएस असे दोन-दोन श्रेयांकांचे अभ्यासक्रम आले. तासिकेच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तास. दोन श्रेयांकांचे तीस. मुख्य विषयाला हात न लावता यातला भाषाकौशल्याचा एखादा अभ्यासक्रम बारावीच्या मुलांना शाळेतच देता येईल. निबंधाच्या वह्या वर्षानुवर्षं तपासणारे मराठीचे सर त्याला तासिका तत्त्वावर ऐनवेळी नेमलेल्या माणसापेक्षा कमी पडतील, असं मला वाटत नाही. ज्युनिअरमध्ये सेट झालेले, पीएचडी केलेले शिक्षकही कमी नाहीत.

त्यासाठी विद्यापीठाला तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतील. शिक्षकाला मान्यता कुणाची आणि किती वर्षांची, हे पहिलं. उत्तरपत्रिका कोण तपासणार, हे दुसरं. माझ्या मते सुरुवातीला निम्म्या तरी विद्यापीठाच्या विभागात जाव्यात, नाहीतर अंतर्गत गुणांची जी खिरापत आपण सगळ्यांनी पाहिली आहे तीच इथेही वाटली जाईल. तिसरी गोष्ट पैशांची. हे तीस तास सरांच्या कार्यभारात धरायचे की वरचं मानधन द्यायचं, आणि ते उपसंचालकांच्या खात्यातून की सहसंचालकांच्या? यातलं काहीच न ठरवता वर्ग सुरू झाले, तर ते फुकटचं आणखी एक काम ठरेल; आणि शाळेतल्या शिक्षकाच्या माथी तशी कामं आधीच पुष्कळ आहेत.

पुढच्या लेखांकात : मुलाने शाळेत मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठाने नाकारले तर?