लकवा एका घरात, सेवा साऱ्या वस्तीची

वाशिम जिल्ह्यात मंगरुळपीर तालुक्यात आसेगाव आहे. सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. इथल्या आणि अशा असंख्य गावांतल्या आपल्या वस्त्यांत बहुतेक घरे नवराबायको दोघांच्या मजुरीवर चालतात. अशा घरात एकाला लकवा झाला, म्हणजे एक माणूस बाजेवर पडतो आणि दुसरा बाजेपाशी अडकतो. मजुरी एकाची नव्हे, दोघांची बुडते. पहिले आठ दिवस सारी वस्ती भेटायला येते. महिना उलटला की येणारी पावले कमी होतात. खरी गरज मात्र तेव्हाच सुरू झालेली असते.

लकवा हा शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी एक लकव्याने झालेला आढळला, आणि यातील बहुतेक माणसे घरीच गेली.

करणी नव्हे, मेंदूचा आजार

मेंदूकडे रक्त नेणारी नळी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, त्यामुळे लकवा होतो. तोंड अचानक वाकडे झाले, एक हात वर उचलेना, बोलणे अडखळले, तर घड्याळ बघावे आणि ताबडतोब १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून रात्री-बेरात्री स्कॅन कुठे होते, वाशिमला की अकोल्याला, हे गावातल्या दोन-चार तरुणांनी आधीच विचारून ठेवावे.

या मोलाच्या तासांत आपल्याकडे काय होते? कोणी म्हणतो वारे लागले, कोणी म्हणतो करणी झाली. कोणी अंगारा लावतो, कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरात हे चालावे काय?

तथागतांनी घालून दिलेला नियम

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. मग इतर भिक्खूंना कारण विचारले. उत्तर मिळाले, तो आमच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही त्याची सेवा करीत नाही. तेव्हा तथागत म्हणाले की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आजाऱ्यांविषयीच्या बुद्धांच्या कळवळ्याला वेगळे स्थान दिले आहे.

तथागत नुसता उपदेश करून थांबले नाहीत, त्यांनी नियमही घातला. आचार्य, शिष्य, सोबती कोणीच नसेल तर सेवा संघाने करायची, न केल्यास संघाला दोष. आजारी भिक्खू वारला तर त्याचे चीवर आणि पात्र सेवा करणाऱ्याला द्यायचे. म्हणजे सेवा हे श्रम आहेत, त्यांची जाण संघाने ठेवली पाहिजे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ठरले.

आपल्या घरांत हे श्रम बहुधा बायको, सून किंवा मुलगी करते, आणि तिचे नाव कोणी घेत नाही. बाबासाहेबांनी ते घेतले होते. १९५६ साली याच ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपले आयुष्य वाढवल्याचे श्रेय माईसाहेबांना आणि मुंबईच्या डॉ. मालवणकरांना दिले. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

एकट्या घराला झेपत नाही

घरच्या माणसांना व्यायाम शिकवून घरी पाठवले की पुरे, असे वाटू शकते. देशातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर हे तपासले गेले. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला की एवढ्याने सहा महिन्यांनंतरचे मृत्यू किंवा परावलंबन कमी झाले नाही. याचा अर्थ घरच्यांची सेवा वाया जाते असा नाही. सारा भार त्यांच्यावर टाकून मोकळे होता येणार नाही, एवढा बोध आपण घ्यावा.

सेवेतल्या काही गोष्टी मात्र वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात. गिळता येते याची खात्री झाल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात पाणीही घालू नये. भरवताना बसवून, लहान घास द्यावा. हालचाल नसलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. लुळ्या हाताला धरून कधी ओढू नये, खांदा निखळतो. बोलता न येणाऱ्याला बहुधा बरेच समजत असते. त्याच्यादेखत त्याला ओझे म्हणू नये. हो-नाही उत्तर देता येईल असे विचारावे आणि थांबावे. साधारण तिघांपैकी एकाला या आजारानंतर उदासीनता घेरते. ते नाटक नव्हे. डॉक्टरांना सांगावे, त्यावर औषध आहे.

विहारात एक वही ठेवा

आसेगाव असो की दुसरे गाव, विहार आहे, महिला मंडळ आहे, जयंती मंडळ आहे. मग एक वही घाला. लकव्याच्या रुग्णाच्या घरी आठवड्यातून कोणी कधी दोन तास बसायचे, त्याची पाळी त्यात लिहा. त्या दोन तासांत घरच्या बाईने झोपावे, नदीवर जावे, माहेरी फोन करावा, काहीही करावे. पुरुष रुग्णाला उचलण्याचे आणि धुण्याचे काम तरुणांनी घ्यावे. ज्या कामाची तथागतांना किळस वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी?

सोंगणीच्या दिवसांत त्या घरातल्या एकाची तरी मजुरी बुडू नये, अशी पाळी लावावी. भीमजयंतीच्या वर्गणीतून रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र घ्यावे आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर तिशीपुढच्या सर्वांचा दाब मोजावा. तो पुन्हा पुन्हा १४०/९० वर भरला तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. दुसरा झटका अनेकदा तिथेच येतो. खर्रा आणि बिडी सोडणे हेही औषधच.

शिकलेल्या मुलांनी कागदपत्रे बघावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधीच विचारावे. अपंगत्व राहिले तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. ते ४० टक्के किंवा जास्त असेल आणि इतर अटी पुऱ्या होत असतील, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. बाजेवरचा माणूस आणि त्याची बायको या खेपा घालू शकत नाहीत. मोटारसायकल असलेला तरुण घालू शकतो.

उपयोगी पडत नाही म्हणून माणूस टाकून द्यायचा, ही रीत तथागतांनी संघात चालू दिली नाही. आपल्या वस्तीतही ती चालता कामा नये. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वस्तीत असे कोणते घर आहे ते आधी विचारा आणि वहीत पहिले नाव आपले लिहा.

जयभीम! नमो बुद्धाय!