चेहरा तोच, रेघ नवी

'टायटॅनिक'मध्ये जॅक रोझचं चित्र काढतो, तेव्हा कागदावर फिरणारा हात लिओनार्डो डिकॅप्रिओचा नाही. तो आहे दिग्दर्शक जेम्स कॅमरॉनचा! चित्रही त्यांनीच काढलेलं. कॅमरॉन डावखुरे आणि जॅक उजव्या हाताने काढणारा, म्हणून ते दृश्य आरशात पाहिल्यासारखं उलटं करून चित्रपटात घातलं.

याच माणसाने सीक्वेलच्या दुनियेत दोनदा कमाल केली आहे. 'दुसरा भाग म्हणजे पाणी घातलेलं ताक' असं म्हणणाऱ्यांनी त्यांचे दोन सिनेमे पाहावेत. रिडली स्कॉटचा 'एलियन' १९७९चा, कॅमरॉनचा 'एलियन्स' १९८६चा. भयपट होता, त्याचा त्यांनी युद्धपट केला आणि सिगर्नी वीव्हरला त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. 'टर्मिनेटर'ची गोष्ट तर चित्रापासूनच सुरू होते. रोममध्ये तापाने फणफणलेल्या कॅमरॉनना स्वप्नात आगीतून बाहेर येणारा धातूचा सांगाडा दिसला आणि त्यांनी तो कागदावर उतरवला. १९८४च्या पहिल्या भागात श्वार्झनेगर मारायला आला होता, १९९१च्या दुसऱ्यात तोच वाचवायला आला. या एका उलटापालटीमुळे सिनेमा नवा झाला आणि चार ऑस्करही घेऊन गेला.

सेलिब्रिटींची चित्रं काढणाऱ्या चाहत्यांनी इथे कान टवकारावेत. आवडत्या नटाचं दुसरं चित्र पहिल्या चित्रावरून काढलं तर ते हमखास निर्जीव होतं. तोच चेहरा नव्या प्रकाशात, नव्या वयात, नव्या रागलोभात पाहिला की रेघ जिवंत होते. सीक्वेलचंही तसंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

पेन्सिल आणि सीक्वेल यांची जोडी जमली की काय होतं, याचा सगळ्यात झणझणीत पुरावा म्हणजे 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'. जॉर्ज मिलर यांनी हा सिनेमा आधी चित्रांत मांडून घेतला. सुमारे ३५०० चौकटींचा स्टोरीबोर्ड! २०१५ साली, म्हणजे आधीच्या भागानंतर तब्बल तीस वर्षांनी तो पडद्यावर आला आणि त्याने सहा ऑस्कर पटकावले.

आपल्याकडे सत्यजित राय. सिनेमात येण्याआधी ते जाहिरात कंपनीत चित्रकार होते. 'पथेर पांचाली' कादंबरीच्या संक्षिप्त आवृत्तीसाठी त्यांनी चित्रं काढली आणि तिथेच सिनेमाचं बीज पडलं. पुढचा भाग 'अपराजितो' कोलकात्यात फारसा चालला नाही, पण १९५७ साली व्हेनिसमध्ये त्याने सुवर्णसिंह जिंकला. या सिनेमांचा नायक अपू भागागणिक मोठा होत गेला आणि त्याच्यासोबत नटही बदलले. चेहरा बदलला तरी माणूस तोच वाटतो. पोर्ट्रेट काढणाऱ्याने शिकावं असं याहून मोठं काही नाही.

चाहत्यांचा राजा मात्र एकच: मकबूल फिदा हुसेन. उमेदवारीच्या काळात मुंबईत ते सिनेमांची होर्डिंग रंगवत. 'हम आपके हैं कौन..!' पाहून ते माधुरी दीक्षितचे असे चाहते झाले की तिच्यावर चित्रमालिकाच काढली आणि २००० साली तिला घेऊन 'गजगामिनी' हा सिनेमाही केला.

होर्डिंगवाल्यांची एक युक्ती घरीही चालते. छायाचित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. दुसरी युक्ती डोळ्यांची. नवशिके डोळे नेहमी फार वर काढतात. खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. केसांसकट माप घ्या, फरक लगेच दिसेल.

आता एक अस्सल मराठी गंमत. 'झपाटलेला'चा तात्या विंचू (१९९३) आणि 'लगे रहो मुन्नाभाई'चे गांधीजी (२००६) हे एकाच नटाचे: दिलीप प्रभावळकर! तात्याचा आत्मा ज्यात शिरतो तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, पण आत शिरलेला तात्या प्रभावळकरांचा. 'लगे रहो' स्वतः दुसरा भाग, आणि पहिल्याहून सरस, कारण 'मुन्नाभाई'ची थट्टामस्करी तशीच ठेवून त्यात कुणी कल्पनाही केली नसेल असं पात्र आणलं. चाहत्यांना सुचवणी: प्रभावळकरांचे हे दोन्ही चेहरे एकाच कागदावर शेजारी शेजारी काढून पाहा.

भारतातला पहिला सीक्वेल कोणता? बहुतेक जण नाव घेतात ते 'हंटरवाली की बेटी'चं. 'हंटरवाली' १९३५चा, मुलगी आली १९४३ला. दोन्हींत चाबूक होता फिअरलेस नादियाच्या हाती, आणि ही नादिया जन्मली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये!

मग काळ गेला की सीक्वेल सुधारतात का? नुसता काळ पुरत नाही. 'गॉडफादर'चा दुसरा भाग (१९७४) दोन वर्षांत आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला सीक्वेल ठरला. तिसरा यायला आणखी सोळा वर्षं लागली, आणि दुसऱ्याच्या उंचीला तो पोचला नाही. 'टर्मिनेटर'चे नंतरचे भागही तसेच थकलेले.

काळालाच गोष्ट केलं तर मात्र जादू होते. 'बिफोर सनराइज' १९९५, 'बिफोर सनसेट' २००४, 'बिफोर मिडनाइट' २०१३. दर नऊ वर्षांनी तेच दोघं, ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी, खरोखर तेवढे मोठे होऊन. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या लेखनातही दोघांचा हात होता. चाहत्यांसाठी याहून चांगला सराव नाही. तिन्ही सिनेमांतली एकेक फ्रेम निवडा आणि ज्युलीचे तिन्ही चेहरे एकाच मापात काढा. पहिल्याला एचबी पेन्सिल पुरेल. तिसऱ्याला डोळ्यांखाली टूबीची हलकी छटा द्या आणि कपाळावरची रेघ अजिबात पुसू नका.