ग्रामीण व्हिडिओ-चित्रण

ग्रामीण समाजाचे दारिद्र्य, उपजीविका, स्थलांतर व विस्थापन यांसंबंधीचे अनुभव हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याने, शक्यतो त्या समाजाच्याच सहभागाने नोंदविण्याची पद्धती. अनुबोधपटाची फिल्म शहरातील प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत बरेच दिवस जात. चित्रफीत मात्र जागच्या जागी पाहता येते. ज्याचे चित्रण झाले त्याला ते पाहून हरकत घेता येते, हा तिचा गुण स्वस्ताईपेक्षा मोलाचा होय.

या पद्धतीचा उगम १९६७ मध्ये कॅनडातील फोगो बेटावर झाला असे मानतात. शासन तेथील कोळ्यांना बेटाबाहेर हलवू पाहत होते. कोलिन लो यांनी टिपलेली त्यांची मनोगते (ही अद्याप फिल्मवरच होती) प्रथम बेटवासीयांना व नंतर मंत्र्यांना दाखविण्यात आली. मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली व बेट वसतेच राहिले.

भारतात अहमदाबादच्या ‘सेवा’ या संघटनेने १९८४ मध्ये श्रमिक स्त्रियांना व्हिडिओचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या. जहीराबाद (तेलंगण) भागातील दलित शेतकरी स्त्रियांनी तर कॅमेऱ्याच्या कोनांना स्वतःची नावे दिली : वरून खाली पाहणारा तो ‘पटेल शॉट’, खालून वर पाहणारा तो गुलामाचा आणि समपातळीवरचा तो ‘संघम् शॉट’. चित्रणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सत्तासंबंधांचे इतके नेमके विवेचन क्वचितच आढळते. महाराष्ट्रात सरदार सरोवराच्या बुडितात आलेल्या मणिबेलीसारख्या गावांचा लढा आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांनी अ नर्मदा डायरी (१९९५) या व्हिडिओपटात नोंदविला. येथे कॅमेरा मात्र बाहेरून आलेल्यांच्या हाती होता.

अशा नोंदीची निकड रायगड जिल्ह्यातील उलव्यासारख्या ठिकाणी विशेष जाणवते. नवी मुंबईसाठी येथील जमिनींचे संपादन १९७० पासून सुरू झाले. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली आदी दहा वस्त्या हलविण्यात आल्या, उलव्याची टेकडी कापली गेली व नदीचा प्रवाह वळविण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. सातबाऱ्यावर शेत दिसते. खाडीतील निवट्या-खेकड्यांवर पेटणारी भूमिहीनाची चूल त्यावर दिसत नाही. भरपाई कागद पाहून ठरते, त्यामुळे असे उत्पन्न हिशेबातून सहज गळते. तेथे ओहोटीच्या वेळी चिखलात उतरलेल्या बाईचे दिनांकासह केलेले चित्रण पुराव्याच्या जवळ जाते; मात्र गावच नाहीसे झाल्यावर ते करता येत नाही.

पद्धतीत धोकेही आहेत. सावकाराविरुद्ध बोललेला ऋणको चित्रफितीत ओळखू येतो, आणि कॅमेरा गेल्यावरही त्याला त्याच गावात राहावयाचे असते. म्हणून संमती चित्रणापूर्वी एकदा व फीत पाहून झाल्यावर पुन्हा घेणे इष्ट. मोबाइल फोनमुळे कॅमेरा आता घरोघरी पोहोचला असला, तरी फिती जपून ठेवण्याची सोय गावपातळीवर क्वचितच आढळते. जुन्या चुंबकीय फिती दमट हवेत बुरशीने खराब होतात.