गाभोळी

गाभोळी (उच्चारभेद : गाबोळी) म्हणजे मादी माशाच्या पोटातील अंड्यांचा, पातळ पडद्यात गुंडाळलेला पुंजका. कोकणात व मुंबईच्या मासळीबाजारांत हा शब्द रूढ आहे.

व्युत्पत्ती

संस्कृत ‘गर्भ’ या शब्दाचे प्राकृतात ‘गब्भ’ व मराठीत ‘गाभ’ असे रूप झाले. गाभण, गाभा, गाभारा व गाभोळी हे शब्द याच कुळातील आहेत. त्यामुळे गाभोळी हे खाद्यपदार्थाचे नाव असले, तरी मूळ अर्थाने ते माशाच्या गर्भारपणाचे नाव आहे. इंग्रजीतील ‘केल्ट’ हा जुना शब्द याच्या पुढची अवस्था सांगतो. अंडी घालून रोडावलेल्या सामन माशास केल्ट म्हणतात.

रूपाने जवळचा शब्द ‘गाभुळणे’ हा चिंचेसंबंधी वापरतात. कच्चेपणा सरलेली, पण पुरती न पिकलेली, टरफल गरापासून सुटू लागलेली चिंच म्हणजे गाभुळलेली चिंच. चिंचेचे नाव धारण करणाऱ्या चिंचपोकळीसह लालबाग, परळ या भागांत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची मोठी वस्ती झाली. अशा घरांच्या बोलीत हे दोन्ही शब्द सहज येतात.

उपयोग

गाभोळी हळद-मीठ लावून वाफवतात, तिचे काप करून रव्यात घोळवून तळतात किंवा कालवणात सोडतात. स्टर्जन माशाची खारवलेली गाभोळी ‘कॅव्हिअर’ म्हणून ओळखली जाते.

प्रजनन व संरक्षण

पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा काळ असतो. पहिल्या पावसात गाभोळीने भरलेले मासे ओढ्यांतून व शेतांतून प्रवाहाविरुद्ध चढतात; त्यांना ‘चढणीचे मासे’ किंवा ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. नेमके याच वेळी ते सहज पकडले जातात व अंडी घालण्यापूर्वीच संपतात. शिंगाळ्याच्या बाबतीत हानी अधिक होते : त्याची अंडी आकाराने मोठी पण संख्येने थोडी असतात आणि नर ती तोंडात सांभाळतो.

महाराष्ट्रात ‘सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ अन्वये पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी घातली जाते. पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरविण्यात आली. ओढ्यांतील व शेतांतील वलगणीचे मासे मात्र या सागरी बंदीच्या कक्षेत येत नाहीत. कॅव्हिअरसाठी बेसुमार पकडल्या गेलेल्या स्टर्जनच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९८पासून नियंत्रण आहे.