सर्दी-खोकला : घरचा उपचार कुठवर?

आश्विन लागला, पहाटे अंगणात दव पडू लागले, की खेडोपाडी एक जुना पाहुणा न चुकता हजर होतो. कोणाच्या नाकाला धार लागते, कोणाचा घसा बसतो, आणि शाळेत गुरुजी फळ्याकडे वळले की मागून खोकल्याची माळ सुरू होते. मग घरातली वडीलधारी बाई तुळशीकडे जाते, काढा चढतो, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकू लागते. श्रोते हो, या उपचारांना हसण्याचे काही कारण नाही. त्यांतले पुष्कळसे चांगले आहेत. काही निरुपयोगी पण निरुपद्रवी आहेत. आणि दोन-चार असे आहेत की ते तान्ह्या जिवाला घातक ठरतात. कोणता कशात बसतो, आणि घरचा उपचार कुठवर चालवून पुढे दवाखान्याची वाट धरायची, एवढेच आज बोलायचे आहे.

सर्दी होते ती विषाणूंमुळे. सर्दीच्या विषाणूंचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी शरीराने ओळख करून घेतली, तरी पुढच्या महिन्यात दुसरा दारात उभा असतोच. म्हणून लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी झाली, तर पोर नाजूक आहे असे समजून घाबरू नये. साधे पडसे आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. यावर अँटिबायोटिक गोळ्या चालत नाहीत, कारण त्या जिवाणूंना मारतात, विषाणूंना नव्हे. तरीसुद्धा डॉक्टरांपुढे बसून "एक सुई माराच" असा हट्ट धरणारी मंडळी गावोगाव आहेत, आणि सुई नाही मारली तर तो डॉक्टरच कच्चा, असा निकालही देतात!

तेव्हा घरच्या उपचाराकडून रोग मारण्याची अपेक्षा नको. त्याने आराम पडतो, झोप लागते, घास गिळवतो. हे काही थोडेथोडके काम नाही.

घसा खवखवत असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. ज्या मुलाला पाणी न गिळता थुंकता येते, त्याच्यासाठी हा उपाय उत्तम. रात्रीच्या खोकल्यावर चमचाभर मध द्यावा. यामुळे मुलांचा खोकला उणावतो आणि झोप बरी लागते, असे रीतसर पाहणीत आढळले आहे. हळद घातलेले गरम दूध प्यावे. हळदीचा गुण शरीरात फारच थोडा उतरतो, पण ऊब आणि पोषण दुधात आहेच. दुधाने कफ वाढतो ही समजूत मात्र सोडून द्या, तसे काही आढळलेले नाही. तुळस, आले, गवती चहा यांचा काढा कपभर, दिवसातून एक-दोन वेळा, खुशाल घ्यावा. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. ज्यांना मुळातच तो विकार आहे, त्यांनी ते टाळावे. आणि साखरेचा विकार असलेल्यांनी काढ्यात गूळ ढकलू नये.

वाफाऱ्याचे मात्र जपून. वाफेने चोंदलेले नाक तेवढ्यापुरते मोकळे वाटते. पण जमिनीवर उकळत्या पाण्याचे पातेले, त्यावर घोंगडी, आणि आत वळवळणारे पोर, हा प्रकार म्हणजे भाजण्याला आमंत्रण. मोठ्या माणसाने घ्यायचा तर पातेले घट्ट बसेल अशा जागी ठेवून घ्यावा. लहान मुलांना वाफारा देऊच नये.

आता तान्ह्या बाळाचे. येथे आजीबाईंचा थोडा राग पत्करून बोलावे लागेल. एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवू नका, गुटीतूनसुद्धा नाही. मधात कधीकधी एका जंतूचे बीज असते. मोठ्यांना त्याने काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजते आणि त्याचे विष अंग लुळे पाडते. न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात तेल सोडू नका. ते छातीत उतरून फुप्फुसाला सूज आणते. नाकाशी कापूर नको, कापूर हे लहानग्याला विष आहे. आणि न्हाणीनंतरची ती ओवा-वावडिंगाची धुरी! त्यातली ऊब चांगली, धूर वाईट. ऊब हवी तर बाळाला कोरडे पुसून, टोपडे घालून, आईच्या अंगाशी उघड्या छातीवर घ्या. त्याहून चांगली शेगडी नाही. नाक चोंदून बाळाला दूध ओढता येत नसेल, तर पाव लिटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवा, आणि पाजण्याआधी दोन-दोन थेंब नाकात सोडा. पाणी रोजचे रोज ताजे करावे.

तुम्ही म्हणाल, आराम झाला, पण रोग होऊच नये म्हणून अंगात ताकद यावी त्याचे काय? २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा हा प्रश्न घरोघर विचारला गेला. काढ्याची पातेली दिवसभर चुलीवर राहिली, गुळवेलीचे वेल ओरबाडले गेले. २०२१ साली मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे लिहिले. आयुष मंत्रालयाने ते मानले नाही, आणि वाद झाला. त्या वादात आपण पडू नये. पण एवढे खरे की झाडपाला असला म्हणून तो वाटेल तितका पोटात घालावा असे नाही.

खरी ताकद कशाने येते, ते ऐकताना फार साधे वाटेल. पहिले सहा महिने बाळाला निव्वळ आईचे दूध. त्यात आईच्या शरीरातले प्रतिकाराचे घटक तयारच येतात. पुढे वरण-भात, भाजी, अंडे, शेवग्याचा पाला, आवळा, पेरू. आणि झोप. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या मानाने सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका चौपट निघाला.

याहून मोठी गोष्ट धुराची. चुलीचा धूर नाका-घशाच्या आतले अस्तर दुखावतो. छातीतली घाण वर लोटणारी बारीक लव त्याने मंदावते. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या बाळाला न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत गॅस पोचला, हे खरे. पण भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला अजून चूलच पेटते, कारण सिलिंडर महाग आणि लाकूड फुकट. निदान एवढे करा : चूल पडवीत किंवा उघड्यावर न्या, लाकूड वाळलेलेच घाला, आणि चुलीपाशी बसताना बाळ मांडीवर घेऊ नका. विडी तर घराबाहेरच.

आणि लस. गोवर, डांग्या खोकला, तसेच न्यूमोनियाचे दोन मुख्य जंतू यांवरच्या लसी सरकारी केंद्रात फुकट मिळतात. न्यूमोकोकसची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत द्यायची असते. शरीराला शत्रूची आधीच ओळख करून देण्याचे कामच लस करते. कोणत्याही काढ्याला ते साधलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. साधी सर्दी आणि न्यूमोनिया दोन्ही खोकल्यानेच सुरू होतात. मग ओळखायचे कसे? स्टेथॉस्कोप लागत नाही. घड्याळ लागते. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याचे झबले वर करा आणि पोटाचे वरखाली होणे पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा झटके येत असतील, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतले बाळ तापले किंवा गार पडले, तरीही तसेच.

हे मोजणे खेड्यातल्या माणसाला जमते का? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ते करून दाखवले. तेथील दायांना व आरोग्यसेवकांना साठापर्यंत मोजणे जड जाई. त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी केली आणि तिला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, की न्यूमोनिया. गावातल्याच माणसांनी तो ओळखून औषध दिले, आणि त्या गावांत न्यूमोनियाने दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण शेजारच्या गावांच्या निम्म्याखाली आले. १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत हे छापून आले. आपल्याकडे पोट उडू लागले की काही भागांत 'डब्बा झाला' म्हणतात आणि पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देतात. त्या डागात जातात ते तास औषधाचे असतात.

गुरुजींना एक विनंती. चौथी-पाचवीच्या मुलांना मिनिटाचा हिशेब शिकवताना एकमेकांचे श्वास मोजायला लावा. मोठ्यांचे बारा ते वीस भरतात, त्यांचे स्वतःचे थोडे अधिक भरतील. मग फळ्यावर ६०, ५०, ४० हे तीन आकडे वयासकट लिहा आणि घरी धाकटे भावंड निजलेले असताना त्याचे मोजून यायला सांगा. ज्याचा आकडा जास्त येईल त्याच्या घरी त्याच दिवशी आशाताईंना पाठवा.